सामाईक तारेचे वेळापत्रक



मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझे निम्मे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले आणि उरलेले रात्रीच्या वाचनाने. तेव्हा फाइल-वाटपाच्या प्रोग्रॅमला वेगाची मर्यादा कशी व केव्हा घालावी, या विषयावर मी बोलावयास उभा राहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा प्रश्न मुळात यंत्राचा नसून सामाईक वस्तूच्या वाटणीचा आहे; आणि वाटणीच्या भांडणातच माझी तीस वर्षे गेली आहेत.

प्रारंभ घरच्या गोष्टीने करतो. आमच्या युनियनच्या कचेरीत इंटरनेटची एकच जोडणी. देणगीत आलेल्या जुन्या संगणकांवर मोफत लिनक्स घालावे म्हणून आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ते टॉरेंटने उतरवून घ्यावयास सुरुवात केली. टॉरेंटची रीत अशी की, घेता घेता इतरांसही द्यावयाचे. त्याच दुपारी एक निवृत्त कामगार भविष्य निर्वाह निधीचा अर्ज भरावयास लांबच्या गावाहून आला. पान काही उघडेना. तीनदा प्रयत्न केला, आणि म्हातारा संध्याकाळच्या एस.टी.ने हात हलवीत परत गेला. मी संतापलो, आणि तो प्रोग्रॅमच काढून टाक म्हणून फर्मान सोडले. पोरगा एवढेच म्हणाला, “भाऊ, बंद कशाला करता? वेळ ठरवून द्या की!” त्या एका वाक्याने मला या विषयाच्या इतिहासाकडे वळविले.

फाइल-वाटप आणि वेळापत्रक ही जुळी भावंडे आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1979 साली युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर काढली. तिच्यात दोन प्रोग्रॅम होते. एक यूयूसीपी, याच्या योगे एक संगणक दुसऱ्यास टेलिफोन लावून फाइली पोचवीत असे. दुसरा क्रॉन, हा घड्याळाकडे पाहून ठरल्या वेळी ठरलेली आज्ञा पार पाडी. रात्री टेलिफोनचे दर उतरत, म्हणून दिवसा फाइली रांगेत लावावयाच्या आणि रात्री यंत्राने त्या पोचवावयाच्या, असा प्रघात पडला. ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी उभारलेले यूजनेट हे बातम्यांचे जाळे प्रथम याच मार्गाने पसरले.

क्रॉनची आज्ञा एका ओळीची असते. आरंभी पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यापुढे करावयाचे काम. सातव्या आवृत्तीत अशी यादी सबंध यंत्रासाठी एकच असे, आणि ती व्यवस्थापकाच्या ताब्यात राही. पुढे 1980 नंतरच्या दशकात प्रत्येक वापरणाऱ्यास आपापली यादी मिळाली. ज्यांनी हजेरीपटाच्या चाव्या एका मुकादमाच्या कमरेला पाहिल्या आहेत, त्यांना या फरकाचे मोल सांगावयास नको.

आता तारेकडे वळू. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात एक चमत्कारिक घटना घडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे 400 यार्ड. त्यांमधील जोडणीवर सेकंदाला 32,000 बिट जात असत, ते एकाएकी 40 वर आले! तार तुटली नव्हती. गर्दी झाली की माहितीची पुडकी गळून पडत. ती गळाली म्हणून प्रत्येक यंत्र तीच पुन्हा पाठवी. त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली यावरचा उपाय मांडला. प्रत्येक पाठविणाऱ्याने हळू सुरुवात करावी, आणि पुडके हरवले की वरून हुकूम येण्याची वाट न पाहता आपला वेग आपणच कमी करावा. सबंध इंटरनेट या आत्मसंयमावर उभे राहिले.

पण या संयमात एक फट राहिली. एकाच तारेवर समान अंतराच्या दोन जोडण्या असल्या, तर त्यांना सरासरीने सारखा वाटा मिळतो. म्हणजे वाटा माणशी नसून जोडणीमागे असतो. ब्रॅम कोहेन यांनी 2001 साली बिटटॉरेंट आणले. त्यात एकच फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी येते, म्हणून एकाच वेळी पुष्कळ जोडण्या उघडाव्या लागतात. रांगेत एकाने वीस पिशव्या ठेवून वीस जागा धराव्यात, तसे हे झाले. त्यात जुन्या ब्रॉडबँडची पाठवण्याची वाट उतरवण्याच्या वाटेपेक्षा अरुंद. ती भरली की पोच देणारी लहान पुडकीही अडकतात आणि उतरवणेही मंदावते. आमच्या म्हाताऱ्याचे पान अडले ते यामुळेच. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. नियम नव्हता, एवढेच.

मग नियम कोणी करावा? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत 2007 साली उघडकीस आले. कॉमकास्ट या मोठ्या कंपनीच्या जोडणीवरून जुनी समूहगीते वाटणाऱ्या एका अभियंत्याच्या ध्यानात आले की, त्याच्या जोडण्या मध्येच तुटतात. असोसिएटेड प्रेसने बायबलचा मजकूर पाठवून पडताळा पाहिला. कंपनीची यंत्रे दोन्ही टोकांस एकमेकांच्या नावाने ‘संभाषण संपले’ अशी खोटी पुडकी धाडीत होती, असे आढळले. तेथील दळणवळण आयोगाने ऑगस्ट 2008 मध्ये कंपनीस ही पद्धत थांबविण्याचा आदेश दिला. कंपनीने पद्धत बदलली. परंतु एप्रिल 2010 मध्ये अपील न्यायालयाने, आयोगाने आपला अधिकार सिद्ध केला नाही या मुद्द्यावर, तो आदेश रद्द ठरविला. गर्दी आवरण्याचा मालकाचा हक्क मी नाकारीत नाही. माझा आक्षेप चोरटेपणावर आहे. जी मर्यादा लिहिलेली नाही, तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची?

दुसरे उत्तर फार साधे आहे, आणि ते आमच्या पोराच्या हाती होते. ट्रान्समिशन नावाचा टॉरेंटचा मोफत प्रोग्रॅम 2005 साली निघाला. त्यात नेहमीच्या वेगाखेरीज दुसरा, मंद वेग ठरवून ठेवता येतो, आणि त्याची खूण कासवाची आहे. देवळात देवासमोर कासव का असते हे आपण जाणता. आत शिरण्यापूर्वी अंग आवरावे म्हणून. हे कासव कमांड लाइनवरून, म्हणजे माउस न वापरता लेखी आज्ञा टंकून, बसविता येते. ट्रान्समिशन-रिमोट या आज्ञेस मंद वेगाचे आकडे, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि वार सांगावयाचे. प्रोग्रॅम आपल्या नोंदीत वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत लिहितो. निर्मात्यांनी आरंभी घातलेले आकडे आहेत 540 आणि 1020. म्हणजे सकाळी 9 ते सायंकाळी 5. बरोबर आठ तासांची पाळी! वारांनाही आकडे आहेत. रविवार 1, सोमवार 2, मंगळवार 4, असे दुपटीने शनिवारी 64. रविवार सोडून सहा दिवसांची बेरीज 126. तीच आमच्या कचेरीत घातली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. आमच्या कासवासही ती मिळाली.

हेच काम क्रॉनच्या दोन ओळींनीही होते. एक कासव लावणारी, एक सोडणारी. पण ठरल्या मिनिटाला यंत्र बंद असले, तर क्रॉनची पाळी चुकते. आणि सोडणारी ओळ लिहावयाची राहिली, तर मर्यादा कायमची होते. आरंभ आहे पण शेवट नाही, अशा नियमास आम्ही युनियनवाले टाळेबंदी म्हणतो.

आपल्याकडेही 2005 नंतरच्या काही वर्षांत बी.एस.एन.एल.च्या काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 या वेळात उतरविलेले मोजणीत धरीत नसत. घड्याळ लावून संगणक चालवणारी मुले गावोगाव होती. ती सवलत घड्याळाप्रमाणे होती आणि सर्वांना ठाऊक होती. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘ट्राय’ने मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास बंदी केली. वेळ पाहून भेद करणे एक, आणि तुम्ही काय वाचता हे पाहून भेद करणे दुसरे.

सन 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामाच्या अटी लेखी करून, कामगारांस कळेल अशा भाषेत, फाटकाजवळ लावण्याचे बंधन मालकांवर घातले. त्यासाठी कामगार झगडले, कारण तोंडी हुकूम मुकादमागणिक बदलतो. कमांड लाइनची आज्ञाही लेखी असते. ती वाचता येते, तपासता येते, बदला म्हणून सांगता येते. आमच्या पोराने त्या ओळी कागदावर उतरवून खाली मराठीत अर्थ लिहिला, आणि कागद कचेरीच्या भिंतीला चिकटवला. दिवसा तार अर्जांची, रात्री लिनक्सची. माझे फर्मान मी मागे घेतले.

तो म्हातारा आठवड्याने पुन्हा आला. या खेपेस पान लगेच उघडले. पण अर्ज त्याने आधीच एका दलालास पैसे देऊन भरून घेतला होता. आता तो केवळ चौकशीस आला होता. ते पैसे त्याच्या खिशातून आमच्यामुळे गेले. भिंतीवरचा कागद एक आठवडा आधी लागला असता, तर गेले नसते.