गाविलगड आणि गोळीचा साचा

सेमाडोहहून चिखलदऱ्याला आलं, की जवळच गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. तोफांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज मुठीत मावणाऱ्या वस्तूबद्दल बोलू. गोळीचा साचा.

तोड्याची बंदूक हातानं घडवलेली. दोन नळ्यांचं माप क्वचितच जुळायचं, म्हणून साचाही बहुधा ज्या त्या बंदुकीचा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या भट्टीवरही. अडचण साच्यात. तो थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात. हवा कोंडली तर गोळी पोटात पोकळ राहते आणि नेम सोडून भरकटते. साच्याच्या दोन पाकळ्या नीट मिटल्या नाहीत, तर कडेला पाळ राहते आणि गोळी नळीत अडकते. आत ओल असेल तर वाफ होऊन तापलेलं शिसं अंगावर उडतं.

फसलेली गोळी पुन्हा वितळवता येते. बिघडलेला साचा मात्र प्रत्येक गोळी बिघडवतो.

आता समोरची बाजू बघा. कंपनीच्या पलटणींच्या बंदुका साधारण एका मापाच्या, पाऊण इंच नळीच्या. शेजाऱ्याची गोळी आपल्या बंदुकीत चालायची. गड पडायला कारणं अनेक. पण लढाईचा हिशेब मांडताना हे मापही धरायला हवं.