वसईचा तह आणि ‘विधान-कारण’चा सापळा

एमपीएससीची तयारी करणाऱ्या आपल्या वसई-विरारच्या पोरांसाठी ही पोस्ट. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण इतिहास आपल्याच गावाचा आहे.

‘विधान आणि कारण’ प्रश्नात दोन वाक्यं देतात. एखादं चुकीचं असेल तर सुटका लवकर होते. खरा घोळ दोन्ही बरोबर असतात तेव्हा. कारण हे विधानाचं स्पष्टीकरण आहे, की नुसतंच शेजारी बसलेलं खरं वाक्य? इथेच गुण जातात, वर चुकीच्या उत्तराचे कापले जातात ते वेगळेच.

सोपं उदाहरण आधी. विधान: १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली. कारण: त्याला हुमायूनपासून धोका होता. दोन्ही खरं, स्पष्टीकरणही बरोबर. एकीकडे मोगल अंगावर येत असताना समुद्रावरचं दुसरं वैर त्याला परवडणारं नव्हतं.

आता हे बघा. विधान: ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. कारण: १८०३ मध्ये दुसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं.

दोन्ही वाक्यं खरी. विषय एकच, म्हणून घाईत स्पष्टीकरणावर खूण होते. पण तारखा बघा ना! युद्ध तहानंतरचं. ते तहाचा परिणाम आहे, कारण नव्हे. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना हा तह मान्य नव्हता, त्यातून ऑगस्ट १८०३ ला तोंड लागलं.

मग तह का झाला? २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात पळाला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला आला. त्याला पुण्याची गादी परत हवी होती. त्यासाठी त्याने इंग्रजांची सहा हजारांची फौज पदरात घेतली आणि तिच्या खर्चाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. १३ मे १८०३ ला इंग्रजांनी त्याला पुण्यात पुन्हा बसवलं.

कोणी म्हणेल, १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरांना ठार मारलं, तेच मूळ कारण. साखळीत ते आहेच. पण तिथून तहापर्यंत मध्ये दोन-तीन पायऱ्या आहेत, आणि असं लांबचं कारण देणारा प्रश्न माझ्या मते प्रश्न काढणाऱ्यानेच फसवलेला असतो.

आणखी एक सापळा ‘सतत’, ‘अखंड’ अशा शब्दांचा. ‘१७३९ ते १८०२ वसई अखंड मराठ्यांकडे होती’ हे वाक्य आपल्यातल्या अनेकांना बरोबर वाटेल. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, एवढं पक्कं डोक्यात बसलेलं असतं. पण डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने ती जिंकली होती, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत मिळाली. म्हणजे वाक्य चूक. स्पष्टीकरणाचा विचारच करायला नको.

वसईबद्दलचे व्हॉट्सॲप फॉरवर्डही असेच तपासा. घटना बहुधा खऱ्या असतात, गडबड असते ती मधल्या ‘म्हणून’मध्ये.

जाता जाता एक तुमच्यासाठी. विधान: सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली. कारण: त्याच तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली. मध्ये ‘कारण’ शब्द घालून मोठ्याने वाचा आणि मग खूण करा.