पिशवी उचलणाऱ्यांची इंडियन ओपन

इंडियन ओपन १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबवर सुरू झाली. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. पुढच्याच वर्षी कोलकात्यात बिल्लू सेठी जिंकले, पण ते हौशी खेळाडू होते. त्यानंतर पाव शतक परदेशी खेळाडू येत राहिले आणि चषक घेऊन जात राहिले.

मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९९१ साल. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवरच कॅडी होता. साहेबलोकांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन हिंडताना तो खेळ शिकला. त्या मैदानात जुन्या मकबऱ्यांच्या आसपास झुडपं दाट आहेत, रस्ता अरुंद आहे. चेंडू जरा वाकडा गेला की संपलंच. नुसत्या ताकदीचं तिथे काही चालत नाही, आणि कॅडीइतकं ते मैदान कोणाला पाठ असणार? अली शेर जिंकला. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली.

पुढे अर्जुन अटवाल, ज्योती रंधावा आले. मग एसएसपी चौरसिया: वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनकीपर, मुलगा तिथेच वाढला. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं स्पर्धा त्याची.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, असं आपण सहज म्हणून जातो. मैदान त्यांचं होतं, हे खरं. पण या स्पर्धेला भारतीय चेहरा दिला तो पिशवी उचलणाऱ्यांनी आणि गवत राखणाऱ्यांच्या मुलांनी, असं माझं ठाम मत आहे.