कल्पित म्हणजे खोटे नव्हे

मालिका सुरू होण्याआधी पडद्यावर एक सूचना येते: यातील सर्व पात्रे आणि घटना काल्पनिक आहेत. कादंबऱ्यांच्या सुरुवातीच्या पानांवरही ती असते. तिथे ‘काल्पनिक’ म्हणजे जे घडलेच नाही ते, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. पण विश्वे अनेक असू शकतात, असे आज काही भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ गांभीर्याने मांडतात. मग जे इथे काल्पनिक आहे, ते दुसऱ्या एखाद्या विश्वात खरोखर घडत असेल का? या प्रश्नात ‘काल्पनिक’ आणि ‘विश्व’ हे दोन शब्द आहेत. दोघांचीही कुळकथा पाहिली, तर उत्तराची दिशा सापडते.

‘कल्पना’ हा शब्द कॢप् धातूपासून आला. पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ ‘सामर्थ्य’ असा दिला आहे. जुळणे, योग्य असणे, शक्य होणे हा त्याचा गाभा. आणि त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ जुळवणे, रचणे, सिद्ध करणे. हत्तीला साज चढवून सज्ज करणे, यालाही संस्कृतात ‘कल्पना’ म्हणत. अमरकोशाने तो अर्थ नोंदवून ठेवला आहे. म्हणजे कल्पना हे केवळ मनातल्या मनात होणारे काम नव्हते, ती प्रत्यक्ष घडवण्याची क्रिया होती. संध्येत म्हटले जाणारे अघमर्षण सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले. विधात्याने सूर्य आणि चंद्र पूर्वीप्रमाणेच घडवले, असे त्यात सांगितले आहे आणि तिथले क्रियापद आहे ‘अकल्पयत्’. विधाता सूर्य घडवतो आणि लेखक पात्र घडवतो, या दोन्ही कृतींसाठी भाषेने एकच धातू वापरला.

त्याच घरातले इतर शब्दही पाहण्याजोगे आहेत. ‘कल्प’ म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, पुराणांच्या हिशेबाने ४३२ कोटी वर्षांचा. पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना गुरुजी ‘श्वेतवाराह कल्पे’ असा उच्चार करतात. चालू कल्पाला नाव द्यावे लागते, ते इतरही कल्प आहेत म्हणूनच. ‘संकल्प’ म्हणजे करायचे ठरवलेले, ‘विकल्प’ म्हणजे त्याऐवजी जे होऊ शकले असते ते. या कुळातल्या कोणत्याही शब्दाचा मूळ अर्थ ‘खोटे’ असा नाही. साऱ्यांचा संबंध शक्यतेशी आहे.

आता ‘विश्व’. वेदांमध्ये हे सर्वनामासारखे चालणारे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्व’. ‘विश्वेदेव’ म्हणजे सगळे देव. जे जे आहे ते सर्व म्हणजे विश्व असेल, तर ‘अनेक विश्वे’ म्हणताना व्युत्पत्तीच आडवी येते, कारण ‘सर्व’ दोनदा असू शकत नाही. ‘ब्रह्मांड’ या शब्दाला ही अडचण नाही. ते ब्रह्मदेवाचे अंडे आहे, आणि अंडी कितीही असू शकतात. भागवताच्या दशम स्कंधात ब्रह्मदेव कृष्णाची स्तुती करतो, तेव्हा परमेश्वराच्या रोमरंध्रांतून असंख्य ब्रह्मांडे अणूंसारखी ये-जा करतात, असे वर्णन येते. मराठी घरांत आणि मठांत ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हा जयघोष आजही होतो. ब्रह्मांडांचे अनेकवचन ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडते, त्यांना आजचा विचार नवा वाटला तरी परका वाटू नये.

भौतिकशास्त्रातला हा विचार अर्थातच वेगळ्या पायावर उभा आहे. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात असे मांडले की, पुंज पातळीवरच्या घटनेचे जेवढे संभाव्य निकाल असतील, ते सगळेच प्रत्यक्षात येतात. प्रत्येक निकालाची शाखा वेगळी होते. आपल्याला एकच निकाल दिसतो, कारण आपण त्या शाखेत असतो. संकल्प आणि विकल्प दोन्ही खरे, फक्त एकमेकांच्या नजरेआड.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याच भूमीवर उभी आहे. गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात की, जिथे १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे जिंकतात. कथेला बळ मिळते ते तिच्या संयमामुळे. नारळीकर निसर्गाचा एकही नियम मोडत नाहीत, फक्त एका गोळीची वाट बदलतात. एव्हरेट यांच्या शाखा एवढेच देतात. ज्या विश्वात पानिपत जिंकले गेले, ते या हिशेबात बसू शकते. ज्या विश्वात गालिचा मंत्राने उडतो, ते बसणे कठीण, कारण साऱ्या शाखांना भौतिकीचे नियम एकच आहेत.

अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी मात्र १९८६ च्या आपल्या ग्रंथात दार अधिक उघडले. तर्काला विसंगत नाही असे प्रत्येक जग आपल्या जगाइतकेच खरे आहे, असे त्यांचे म्हणणे. मग उडता गालिचाही कुठेतरी आहेच. यावर सॉल क्रिपके यांचा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. शेरलॉक होम्ससारखा हुबेहूब माणूस कुठे सापडला, तरी तो होम्स ठरत नाही, कारण कॉनन डॉयल यांनी ते नाव त्याला उद्देशून दिलेले नव्हते. साम्य आहे, संबंध नाही.

मराठीत हा मुद्दा एका शब्दातच साठवलेला आहे. ‘कादंबरी’ हे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. ती हेमकूटावरची गंधर्वकन्या. बाणाची कथा अपुरी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. आणि मराठीने त्या कन्येचे नाव एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले. एखाद्या दूरच्या ब्रह्मांडात तसेच रूप, तसेच प्रेम, तशीच प्रतीक्षा वाट्याला आलेली कोणी स्त्री असेलही. पण ती बाणाची कादंबरी नव्हे. बाणाने तिच्यासाठी शब्द निवडले नाहीत, तिचे दुःख कोणत्या क्षणी उघड करायचे ते ठरवले नाही.

फरक इथे आहे. दुसऱ्या विश्वातली घटना नुसती घडते. कथेतली घटना कोणीतरी जुळवलेली, सिद्ध केलेली, म्हणजे कॢप् या धातूच्या मूळ अर्थाने कल्पिलेली असते. अकराव्या शतकातला मम्मट ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभी कवीच्या वाणीला वंदन करतो, ते नेमके याच कारणासाठी: तिची निर्मिती नियतीच्या नियमांनी बांधलेली नाही. अनंत ब्रह्मांडे असली, तरी त्यांतले प्रत्येक कोणत्या ना कोणत्या नियतीने बांधलेले असणारच. म्हणून कल्पित जगांना आपला मान मिळवण्यासाठी दुसऱ्या विश्वातल्या साक्षीदाराची गरज नाही. ती कुठेतरी सापडतील म्हणून मोलाची नाहीत. कोणीतरी ती रचली, आणि रचताना जे अशक्य वाटत होते ते आपल्या मनाला शक्य करून दिले, म्हणून ती मोलाची आहेत.