तापलेल्या हवेचा हिशेब

या लेखाची सुरुवात एका प्रश्नाने झाली. पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी एक जुनी टर्बो स्पोर्ट्‌स कार घेतली. कंपनीने दिलेला छोटा इंटरकूलर काढून त्याने बाजारातला मोठा बसवला. त्याच्या जोडीला इंजिनात हवा नेणारा इनटेकचा पाइपही जास्त रुंद घातला. दोन महिन्यांतच इंजिन उघडावे लागले. एका पिस्टनची कड वितळली होती. तो पिस्टन माझ्यापुढे ठेवून भाचा म्हणाला, "मामा, मी इंजिनाला हवाच तर जास्त दिली, आणि तीही थंड. मग चुकलं कुठे?"

त्याच्या गाडीपुरते उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. पण शोध घेत गेलो तेव्हा लक्षात आले की हीच चूक मोठमोठ्या कारखान्यांनीही केली आहे, आणि ती निस्तरता निस्तरताच इंटरकूलरचा इतिहास घडला आहे.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट मागितले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुरावर एक चाक फिरवायचे आणि त्या चाकाच्या जोरावर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, ही ती कल्पना. हवा जास्त तर इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेले. तिथल्या विरळ हवेतही टर्बोच्या मदतीने त्यांनी समुद्रसपाटीइतकी ताकद मिळवून दाखवली.

पण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना नळीचे टोक हाताला चटका देते, तोच हा प्रकार. आकड्यांत सांगायचे तर ३० अंश सेल्सिअसची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोने दुप्पट दाबली, की ती साधारण १२५ अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही सिलिंडरमध्ये जेमतेम दीडपट हवा मावते. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात अशी हवा ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता इंधन भलत्याच वेळी पेटवते. मेकॅनिक ज्याला 'नॉकिंग' म्हणतात तो हाच ठोका. हीच हवा वाटेत ५० अंशांपर्यंत थंड केली, तर दीडपटीऐवजी जवळजवळ पावणेदोनपटीहून अधिक हवा आत जाते आणि ठोक्याचे भयही कमी होते. इंटरकूलर म्हणजे हवेचा रेडिएटर. तो नवी ताकद निर्माण करत नाही. टर्बोने हवा दाबताना जे नुकसान केले, त्यातले काही तो भरून देतो.

याची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. लॉकहीडच्या पी-३८ या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानात दाबलेली हवा पंखाच्या पुढच्या पोकळ कडेतून फिरवून थंड केली जात असे. युक्ती सुरेख होती, कारण वेगळी जागा लागत नव्हती. पण इंजिनांची ताकद वाढत गेली आणि पंखाची कड तेवढीच राहिली. थंड करण्याची ही सोयच इंजिनाची मर्यादा होऊन बसली. १९४३ मध्ये आलेल्या 'जे' आवृत्तीत इंटरकूलर इंजिनाच्या खाली, हनुवटीसारख्या भागात हलवला गेला आणि पंखात मोकळ्या झालेल्या जागेत इंधनाच्या टाक्या बसल्या. प्रश्न सुटला असे वाटले. पण युरोपच्या आकाशात, हिवाळ्यात, फार उंचीवर हवा गरजेपेक्षा जास्त थंड होऊ लागली आणि इंधन तिच्यात नीट मिसळेना. त्या काळातल्या इंजिन-बिघाडांमागचे हे एक कारण मानले जाते. कमी थंडावा घातक ठरला होता, तसाच जास्त थंडावाही.

मोटारींच्या जगाने हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवला. १९६२ मध्ये ओल्डस्मोबिलने जेटफायर ही टर्बो कार आणली. तिच्यात इंटरकूलर नव्हता. ठोका टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. ते वेगळ्या टाकीत भरायचे असे, आणि अनेक मालक ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की संरक्षक यंत्रणा टर्बोचा दाब रोखून धरी आणि गाडी मंदावे. तक्रारी वाढल्या, आणि शेवटी कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. ज्या यंत्राची शिस्त मालकाला झेपत नाही, ते कागदावर कितीही चांगले असले तरी टिकत नाही.

पोर्शने १९७५ मध्ये ९११ टर्बो बाजारात आणली, तीही इंटरकूलरशिवाय. १९७८ मध्ये इंजिन ३ लिटरवरून ३.३ लिटरचे झाले, तेव्हा इंटरकूलर आला. तो मागच्या बाजूला इंजिनावर ठेवावा लागला, आणि त्याला झाकण्यासाठी मागच्या पंखाचा आकार बदलावा लागला. ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. अमेरिकेत ब्यूकच्या ग्रँड नॅशनलला १९८६ मध्ये इंटरकूलर मिळाला आणि तिची ताकद २०० वरून २३५ वर गेली. या दोन्ही उदाहरणांत इंटरकूलरबरोबर बाकीचे इंजिनही बदलले होते, हे विसरू नये. कारखान्याने नुसता एक भाग चिकटवला नव्हता.

सुटे भाग घेऊन ते घरी किंवा गॅरेजात बसवण्याची लाट मुख्यतः जपानी गाड्यांबरोबर जगभर पसरली. १९७३ मध्ये फुजी पर्वताच्या परिसरात सुरू झालेली एचकेएस ही त्या धंद्यातली आद्य नावांपैकी एक. १९९२ मध्ये आलेल्या दोन गाड्यांत कारखान्यांनी निवडलेल्या दोन वाटा दिसतात. सुबारूच्या इंप्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आहे आणि बॉनेटवरच्या खिडकीतून त्याला वारा मिळतो. पाइप आखूड असल्यामुळे इंजिन चटकन प्रतिसाद देते, पण सिग्नलला उभे राहिले की खालच्या इंजिनाची धग त्याला लागते. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनमध्ये तो पुढे, बंपरच्या मागे आहे. तिथे वारा भरपूर, पण पाइप लांब. दोन्ही निवडींत काही मिळते आणि काही सोडावे लागते. बाजारातल्या जाहिरातीत फक्त मिळण्याची बाजू छापलेली असते.

आपल्याकडे हा शब्द स्पोर्ट्‌स कारपेक्षा ट्रक आणि जीपवरच आधी वाचला गेला. थंड हवेने ज्वलनाचे तापमान उतरते आणि त्याबरोबर नायट्रोजन ऑक्साइडही कमी होतात. त्यामुळे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा डिझेल इंजिनांत इंटरकूलर हा हौसेचा भाग न राहता गरजेचा झाला. घाट चढणाऱ्या ट्रकच्या रेडिएटरजवळ तो गुपचूप आपले काम करत असतो.

आता भाच्याचा पिस्टन. त्याचा इंटरकूलर निर्दोष होता. घोळ पाइपाने केला. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर त्या पाइपात बसतो. तो एका बिंदूवरचा प्रवाह पाहतो आणि इंजिनाचा संगणक पाइपाच्या ठरावीक रुंदीवरून एकूण हवेचा अंदाज बांधतो. पाइप रुंद झाला, तेव्हा तेवढीच हवा त्या बिंदूवरून संथ वाहू लागली. संगणकाला वाटले की हवा कमी आली आहे. त्याने इंधनही कमी दिले. हवा भरपूर आणि इंधन अपुरे, म्हणजे जास्त उष्णता आणि ठोका. पिस्टन त्याला बळी पडला.

भाच्याने मोठा इंटरकूलर ठेवला. नवा पिस्टन घातला, मूळ पाइप परत बसवला, प्रत्येक जोड गळतीसाठी तपासला आणि इंधनाचे गणित डायनोवर मोजून नव्याने लावून घेतले. गाडी आता ठीक आहे. मला मात्र त्या पिस्टनने एवढे शिकवले की इंजिनात कोणताही भाग एकटा बदलत नाही. पी-३८ च्या अभियंत्यांना आणि जेटफायरच्या मालकांना हे किंमत मोजून कळले होते. आपण ते वाचून शिकलो, तर एक पिस्टन तरी वाचेल.