शॅमेलिऑनची मादी अंड्यावर येते तेव्हा...

रंग बदलणारा सरडा म्हणून सर्वांच्या परिचयाचा असलेला शॅमेलिऑन हा अमेरिका आणि युरोपातील अनेक घरांत पाळीव प्राणी म्हणून राहतो. येमेन व सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागात आढळणारा 'व्हेल्ड शॅमेलिऑन' आणि मादागास्कर बेटावरील 'पँथर शॅमेलिऑन' या दोन जाती त्यात विशेष लोकप्रिय आहेत. दिसायला देखणा, आवाज न करणारा आणि पिंजऱ्यातील एखाद्या फांदीवर तासन् तास स्थिर बसणारा हा प्राणी सांभाळायला सोपा असावा, असा नवख्या पालकांचा समज होतो. घरात मादी असेल तर हा समज जिवावर बेतू शकतो. कारण व्हेल्ड शॅमेलिऑनच्या मादीला अंडी घालण्यासाठी नराची गरज लागत नाही. कोंबडीप्रमाणेच तीही नराशिवाय अफलित अंडी घालते. आणि ती घालण्यासाठी योग्य जागा मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडून तिचा मृत्यू ओढवू शकतो.

म्हणूनच मादी पाळणाऱ्याने अंड्यांची तयारी ती अंड्यावर आल्यावर नव्हे, तर त्याच्या बऱ्याच आधी करायला हवी. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी अवघ्या चार ते सहा महिन्यांच्या वयात अंडी धरू शकते. दुकानातून आणलेले पिल्लू 'अजून लहान आहे' असे म्हणेपर्यंत ही वेळ येऊन ठेपलेली असते.

मादी कशी ओळखावी?

व्हेल्ड जातीत हे काम सोपे आहे. नराच्या मागच्या पायांच्या टाचेवर अंड्यातून बाहेर आल्यापासूनच एक छोटा उंचवटा असतो; मादीच्या टाचा सपाट असतात. वय वाढेल तसा नराच्या डोक्यावरील तुरा उंच होत जातो, मादीचा तुलनेने ठेंगणा राहतो. पिल्लू घरी आणल्याच्या दिवशीच हे पाहून घेतले, तर पुढचा घोळ टळतो. पँथर जातीत प्रौढ नर भडक रंगांचा, तर मादी फिकट गुलाबी किंवा नारिंगी छटेची असते.

सर्वच शॅमेलिऑन अंडी घालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. केनिया व टांझानियातील डोंगराळ प्रदेशातला तीन शिंगांचा 'जॅक्सन्स शॅमेलिऑन' थेट पिल्लांना जन्म देतो. त्याच्या मादीला खड्डा खणावा लागत नाही. पुढील माहिती प्रामुख्याने व्हेल्ड जातीविषयी असली, तरी तिचा मोठा भाग पँथर जातीलाही लागू पडतो.

अंड्यावर आल्याची लक्षणे

मादीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि कधी कधी कातडीखाली अंड्यांचे उंचवटे दिसू लागतात. फलित अंडी धारण केलेल्या व्हेल्ड मादीचा रंग गडद हिरवा होऊन त्यावर निळे व पिवळे ठिपके उमटतात. नर समोर आला तर ती तोंड उघडून, अंग डोलवून त्याला हुसकावते. समागमानंतर साधारण २० ते ३० दिवसांत ती अंडी घालते. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकदा नराजवळ गेलेली मादी पुढच्या खेपेलाही, पुन्हा समागम न होता, फलित अंडी घालू शकते.

अंडी घालण्याचा काळ जवळ आला की मादीच्या वागण्यात ठळक फरक पडतो. एरवी फांद्यांवरून खाली न उतरणारा हा प्राणी अस्वस्थपणे पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या मारू लागतो. कोपरे, कुंड्या, जाळी यांवर ती पायांनी खरवडते. पाणी जास्त पिते. काही दिवस आधी खाणे कमी होते किंवा थांबते. या अवस्थेत खाणे कमी होणे हे आजाराचे चिन्ह नव्हे. ती चपळ असेल आणि दिवसा तिचे डोळे उघडे असतील तर घाबरण्याचे कारण नाही.

वाळूचा डबा

निसर्गात शॅमेलिऑनची मादी झाडावरून उतरते, ओलसर जमिनीत बोगदा खणते, त्याच्या टोकाला अंडी घालते आणि माती लोटून तो बुजवते. पिंजऱ्यात हीच सोय करून देणे, हे पालकाचे सर्वात महत्त्वाचे काम होय.

त्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तितकेच खोल प्लास्टिकचे भांडे किंवा बादली घ्यावी. ती अपारदर्शक असलेली बरी. तिच्यात स्वच्छ धुतलेली बारीक वाळू, किंवा वाळू आणि खत न घातलेली माती यांचे मिश्रण किमान २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावे. रासायनिक खते मिसळलेली तयार माती आणि खडबडीत रेती टाळावी. ओलावा कितपत असावा, याची परीक्षा सोपी आहे. वाळूत बोट खुपसून बाहेर काढावे. भोक तसेच उभे राहिले तर ओल योग्य आहे. ते ढासळले तर वाळू कोरडी आहे आणि भोकात पाणी साचले तर ती फार ओली आहे. कोरड्या वाळूत बोगदा मादीच्या अंगावर कोसळतो व ती खणणे सोडून देते.

हा डबा मादी चार महिन्यांची झाल्यापासून पिंजऱ्यात कायमचा ठेवावा. डब्यात उतरता यावे म्हणून वरच्या फांदीपासून कडेपर्यंत एक तिरपी काठी लावावी. जवळच मनीप्लांटसारख्या वेलीचा आडोसा दिला तर मादीला सुरक्षित वाटते.

'कुणी पाहत नाही ना?'

खणताना मादीला एकांत लागतो. माणूस किंवा घरातील मांजर, कुत्रा आपल्याकडे पाहत आहे असे जाणवले, तर ती धोका ओळखून काम अर्धवट सोडते. असे वारंवार घडले की अंडी पोटात राहतात. म्हणून खणणे सुरू झाल्याचे दिसताच पिंजऱ्याच्या खालच्या भागाला बाहेरून चादर गुंडाळावी, मुलांना त्या खोलीत धावपळ करू देऊ नये आणि मोबाइलचा कॅमेरा लावून दुसऱ्या खोलीतून लक्ष ठेवावे. दिवे रोजच्याच वेळी लावावेत व बंद करावेत. रात्री मादी बोगद्यातच झोपली तर तिला बाहेर ओढून काढू नये.

खणणे, अंडी घालणे आणि खड्डा बुजवणे हे सारे काही तासांत आटोपते किंवा एक-दोन दिवसही चालते. शेवटी मादी वाळू लोटून जागा पायांनी थोपटते आणि अंगाला माती माखलेल्या अवस्थेत फांदीवर परतते. तिने जागा पूर्ण बुजवेपर्यंत डब्याला हात लावू नये.

अंडी अडली तर...

खरा धोका येथे आहे. योग्य जागा नसणे, शरीरातील पाणी कमी होणे, कॅल्शियमची कमतरता, अपुरी उष्णता, लठ्ठपणा किंवा अंड्यांचा आकार बिघडणे यांपैकी कोणत्याही कारणाने अंडी अडू शकतात. काही वेळा बीजकोशातील बलकाचे गोळेच वाढून तेथे अडकतात आणि अंडी तयारच होत नाहीत. दोन्ही प्रकार प्राणघातक ठरू शकतात.

मादीने दोन दिवस खणूनही अंडी घातली नाहीत. ती जागोजागी अर्धवट खड्डे करून सोडू लागली. दिवसा डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहिली. डोळे खोल गेले. पकड सैल होऊन ती फांदीवरून घसरू लागली किंवा कुंथताना दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटणे हे नेहमीच गंभीर लक्षण मानले जाते. आजार लपवण्याकडे या प्राण्याचा कल असतो. तो उघडपणे आजारी दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पशुवैद्यक क्ष-किरण तपासणी किंवा सोनोग्राफी करून अंड्यांची स्थिती पाहतात. आधी पाणी, उष्णता आणि कॅल्शियम देऊन शरीर सावरले जाते. मार्गात अडथळा नसेल तर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. मात्र कासवांमध्ये जितका त्याचा गुण येतो तितका सरड्यांमध्ये येईलच, याची खात्री नसते. अखेरचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. पोट दाबून अंडी बाहेर काढण्याचा किंवा घरीच इंजेक्शन देण्याचा प्रयत्न कदापि करू नये. अंडे आत फुटले तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला सरड्यांचा अनुभव असतोच असे नाही. त्यामुळे असा अनुभव असलेल्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आधीच मिळवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

अंडी घातल्यानंतरची निगा

एका खेपेला व्हेल्ड मादी साधारण २० ते ७० अंडी घालते. भरपूर खाऊ घातलेल्या माद्यांमध्ये हा आकडा त्याहूनही वाढतो. एवढी अंडी म्हणजे मादीच्या वजनाचा मोठा हिस्सा. ती बाहेर पडल्यावर तिचे पोट खपाटीला जाते, बरगड्या दिसू लागतात. या वेळी पहिली गरज असते ती पाण्याची. शॅमेलिऑन सहसा वाटीतील साठलेले पाणी पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून पानांवर नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्याचे तुषार मारावेत आणि थेंब थेंब पाणी पडेल असे भांडे वर टांगावे. विष्ठेबरोबर पडणारा क्षार पांढरा असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे असे समजावे. तो पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी पडते आहे.

त्यानंतरचे तीन-चार दिवस रातकिडे, रेशीमकिडे असे खाद्य रोज आणि मनसोक्त द्यावे. रातकिड्यांमध्ये फॉस्फरस जास्त व कॅल्शियम फारच कमी असते. त्यामुळे त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरल्याशिवाय ते देऊ नयेत. अंड्यांच्या कवचासाठी मादीच्या हाडांतील कॅल्शियम खर्ची पडलेले असते. ते भरून निघाले नाही तर हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व व त्यासाठी अतिनील 'बी' किरणांचा दिवा आवश्यक असतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्यासाठी उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण अडवते.

या काळात मादीला विनाकारण हाताळू नये. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करावे. पोटावर अजूनही उंचवटे जाणवत असतील, मागच्या द्वारातून मांसल भाग बाहेर आला असेल किंवा दोन दिवसांनंतरही ती पाणी पिऊन टवटवीत होत नसेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

अंड्यांचे काय करायचे?

मादी नराजवळ कधीच गेली नसेल तर अंडी टाकून द्यावीत. अफलित अंडी बहुधा पिवळसर असतात व लवकरच पिचकतात. फलित अंडी पांढरी व टणक राहतात. ती उबवायची असल्यास ज्या स्थितीत सापडली त्याच स्थितीत, न उलटता, ओलसर व्हर्मिक्युलाइट भरलेल्या डब्यात ठेवावी लागतात. पिल्ले बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतात. एका वेळी पन्नास पिल्ले निघाली, तर प्रत्येकाला वेगळी जागा व रोज बारीक किडे पुरवणे सामान्य घराच्या आवाक्यात नसते. ते शक्य नसेल तर फलित अंडीही ताजी असतानाच गोठवून नष्ट करावीत, असा सल्ला दिला जातो. ती बागेत पुरू नयेत. अमेरिकेतील फ्लोरिडात व हवाई बेटांवर हे परदेशी शॅमेलिऑन मोकळ्यावर वाढून स्थानिक जिवांना धोका बनले आहेत.

पुढची खेप लांबवता येते

मादी तीन-चार महिन्यांनी पुन्हा अंड्यावर येऊ शकते. प्रत्येक खेप तिचे आयुष्य खर्ची घालते. मात्र यावर पालकाच्या हाती काही उपाय आहेत. ताकद भरून आल्यावर प्रौढ मादीला एक दिवसाआड तीन-चार किडेच द्यावेत. ऊब घेण्याच्या जागेचे तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये आणि रात्री दिवे बंद ठेवून गारवा मिळू द्यावा. नर तिच्या नजरेस पडू नये. अशा संयमित आहार-तापमानामुळे अंड्यांची संख्या घटते आणि दोन खेपांमधील अंतर वाढते; काही माद्या अंडी धरणेच थांबवतात.

भारतात कायदा काय सांगतो?

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्राणी दुकानात सहज मिळत असला, तरी भारतात परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडील शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा किंवा घोयरा, याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण असून तो घरात पाळणे गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी बहुतेक 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्यांचा ताबा, हस्तांतर आणि जन्म यांची नोंदणी व मृत्यूची माहिती देणे बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले.

घोयऱ्याची मादीही अंडी घालण्यासाठी झाडावरून जमिनीवर उतरते. अशा वेळी रस्ता ओलांडणारी संथ, फुगीर पोटाची मादी दिसली तर तिला घरी आणू नये. वाहने थांबवून, ती ज्या दिशेला निघाली आहे त्याच बाजूच्या झाडोऱ्यात तिला सोडावे. जखमी असल्यास वन विभागाला कळवावे.

थोडक्यात महत्त्वाचे

- मादी चार महिन्यांची होताच ओलसर वाळूचा डबा पिंजऱ्यात ठेवा.
- नर नसला तरी अंडी येतात, हे विसरू नका.
- खणताना तिच्याकडे पाहत बसू नका, डब्याला हात लावू नका.
- दोन दिवसांत अंडी न घातल्यास किंवा दिवसा डोळे मिटल्यास त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा.
- अंडी घातल्यावर आधी पाणी, मग कॅल्शियमसह भरपूर खाद्य द्या.
- ताकद आल्यावर खाद्य आणि उष्णता पुन्हा मर्यादित करा.