मध्यरात्रीचे विमानतळ

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे खरे वैभव दिवसाचे नव्हे, मध्यरात्रीचे! 1949 सालच्या जानेवारीत येथे रात्रीची टपालसेवा सुरू झाली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांची ही धडाडी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत ती मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावास एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई अन् पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. काल मद्रासेत टाकलेले पत्र आज दिल्लीत! थैल्यांबरोबर उतारूही असत. त्यांना बिचाऱ्यांना ऐन झोपेत विमान बदलावे लागे. हिंदुस्थानच्या मधोमध असण्याचा लाभ नागपूरला इतका रोकडा क्वचितच मिळाला असेल.

जवळजवळ पाव शतक हा क्रम चालला. पुढे जेट विमाने एका झेपेत देश ओलांडू लागली आणि मध्ये थांबण्याचे प्रयोजन उरले नाही. 2005 साली विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. 1956 ची धम्मदीक्षा याच नगरीतली. शेजारी मिहान प्रकल्प आला, तोही देशाच्या मध्यावरच्या मालवाहतूक केंद्राच्या कल्पनेतून. रात्रीच्या विमानांची घरघर ऐकलेल्या जुन्या नागपूरकरांना तिचे नवल ते काय!